वत्सगुल्मापासून गॅलॅक्टिकापर्यंत

आजचे वाशीम म्हणजे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म. या शाखेचा संस्थापक सर्वसेन इसवी सनाच्या चौथ्या शतकात होऊन गेला. त्याने महाराष्ट्री प्राकृतात ‘हरिविजय’ हे काव्य रचले. ते आज अखंड मिळत नाही. अलंकारग्रंथांत उदाहरणादाखल आलेली काही पद्येच उरली आहेत. तरीही साहित्यशास्त्राने सर्वसेनाला विस्मृतीत जाऊ दिले नाही, कारण त्याचे नाव एका न मिटणाऱ्या प्रश्नाशी जोडले गेले आहे : सर्वांना ठाऊक असलेली कथा पुन्हा सांगताना ती बदलण्याचा अधिकार कवीला आहे काय?

नवव्या शतकात आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’त याचे उत्तर होकारार्थी दिले. परंपरेने आलेला प्रसंग अभिप्रेत रसाला प्रतिकूल असेल, तर कवीने तो टाकून रसानुकूल प्रसंग कल्पावा, असे सांगून त्याने कालिदासाच्या प्रबंधांबरोबर ‘हरिविजया’चा दाखला दिला. प्रियेच्या अनुनयाचे अंग म्हणून पारिजातहरण योजणे इतिहासग्रंथांत नाही, ते सर्वसेनाचे, असा खुलासा अभिनवगुप्त करतो. मात्र आनंदवर्धनाने एक मर्यादाही घातली. रामायणासारख्या ज्या कथांचा रस सिद्धच आहे, तेथे त्या रसाच्या विरोधी जाणारी स्वेच्छा चालवू नये.

या मर्यादेचाच आधार, तिचे नाव न जाणता, आपल्या काळातील एका विज्ञानकथेच्या चाहत्यांनी घेतला. ग्लेन लार्सन यांची ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’ ही दूरचित्रवाणी मालिका १९७८ मध्ये अमेरिकेत सुरू झाली आणि एका हंगामात संपली. सायलॉन या यंत्रमानवांनी केलेल्या संहारातून वाचलेली माणसे पृथ्वीच्या शोधात निघतात, ही तिची कथा. तीत अपोलो साकारणाऱ्या रिचर्ड हॅच यांनी ही कथा पुढे चालावी म्हणून अनेक वर्षे खटपट केली. तिच्यावर कादंबऱ्या लिहिल्या, १९९९ मध्ये पदरमोड करून एक झलकपटही तयार केला. परंतु २००३ मध्ये रोनाल्ड मूर यांनी जे आणले ते पुढचे पर्व नव्हते. ती पुनर्निर्मिती होती. स्टारबक हा बेफिकीर वैमानिक आता स्त्री होता. मूळ कथेत एका परग्रहीय वंशाने घडवलेले सायलॉन येथे माणसाचीच निर्मिती ठरले, आणि त्यांतील काही हुबेहूब माणसासारखे दिसू लागले. चाहते संतापले. हॅच यांचाही विरोध होता. तरीही २००४ साली सुरू झालेल्या नव्या मालिकेत टॉम झॅरेक या बंडखोर कैद्याच्या भूमिकेत ते दाखल झाले आणि तिचे समर्थक बनले. भूमिका मिळाली की नटाचे मत बदलते, असे कोणी म्हणेल; पण ज्यांना काहीच मिळायचे नव्हते असे कित्येक प्रेक्षकही याच वाटेने गेले.

याचे कारण आम्हांला रसाच्या ठिकाणी दिसते. मूळ कथेच्या बीजात शोक होता. जवळजवळ सारा मानववंश नष्ट झाला होता. जुनी मालिका तो शोक लवकरच मागे टाकून साहसाकडे वळली. पहिल्याच कथेत निर्वासित एका जुगारघराच्या ग्रहावर पोहोचतात. नव्या मालिकेत राष्ट्राध्यक्षांच्या दालनातील फळ्यावर वाचलेल्यांचा आकडा लिहिलेला असतो. आरंभी सुमारे ५० हजार असलेला तो आकडा प्रत्येक मृत्यूबरोबर उतरत जातो. सायलॉन माणसानेच घडवलेले असल्याने या शोकात अपराधाची जाणीवही मिसळते. प्रसंग बदलले, ते बीजातील करुणाला वाट मिळावी म्हणून.

अर्थात सर्वांचीच मने वळली नाहीत. मूळ स्टारबक साकारणाऱ्या डर्क बेनेडिक्ट यांनी २००४ मध्ये लेख लिहून नव्या रूपावर कठोर टीका केली. तिला निव्वळ हट्ट म्हणणे अन्यायाचे होईल. ज्याच्या मनात या कथेचा हसतखेळत साहसाचा रस सिद्ध झाला होता, त्याचे खरोखरच काही हरवले होते. आनंदवर्धनाची अनुज्ञा आणि त्याची मर्यादा या दोन्ही खऱ्या असल्याने रूपांतराचा प्रत्येक वाद अखेर एकाच ठिकाणी येतो : या कथेचा सिद्ध रस कोणता, आणि तो कोणी ठरवायचा? वर्गात ‘काय काय बदलले’ याची यादी फळ्यावर लिहून झाली, की खरी चर्चा येथून सुरू व्हावी.