अब्रूचा दावा : टिळकांचे दोन खटले

पावसहून रत्नागिरीस जाणे झाले की टिळक आळीतील ते जुने घर दिसते आणि मन मागे जाते. २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीत जन्मलेल्या लोकमान्यांचे राजद्रोहाचे खटले शाळकरी मुलांनाही ठाऊक आहेत. परंतु त्यांच्या सार्वजनिक जीवनाच्या आरंभी एक व अखेरीस एक असे अब्रुनुकसानीचेही दोन खटले उभे आहेत, हे सहसा ध्यानी येत नाही. पहिल्यात ते आरोपी होते, दुसऱ्यात वादी. कोणी आपल्याविषयी वावगे बोलले की ‘कोर्टात खेचतो’ हे शब्द आपल्या ओठी चटकन येतात. ते उच्चारण्यापूर्वी हा इतिहास पाहावा.

‘केसरी’ व ‘मराठा’ ही पत्रे १८८१ साली निघाली. कोल्हापूरचे तरुण छत्रपती चौथे शिवाजी महाराज यांचा छळ होत असून त्यात कारभारी बर्वे यांचा हात आहे, असा आरोप या पत्रांनी केला. त्याला आधार होता बर्वे यांच्या म्हणून मिळालेल्या काही पत्रांचा. बर्वे यांनी फिर्याद केली आणि ती पत्रे बनावट ठरली. संपादकांनी दिलगिरी व्यक्त केली. तथापि फिर्याद मागे घेतली गेली नाही. जुलै १८८२ मध्ये टिळक व आगरकर यांना चार महिन्यांची साधी कैद झाली आणि १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात काढून २६ ऑक्टोबर रोजी ते सुटले. पुढे १८८३ साली अहमदनगर येथे महाराजांचा करुण अंत झाला. संपादकांची कळकळ खोटी नव्हती, त्यांच्या हातातील कागद खोटा होता. न्यायालय कळकळ मोजत नाही, पुरावा मोजते.

हा झाला फौजदारी मार्ग. तेव्हाच्या भारतीय दंड संहितेतील कलम ४९९ व ५०० यांची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ ने घेतली आहे. दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड, अथवा दोन्ही, किंवा समाजसेवा अशी शिक्षा त्यात आहे. पोलीस आपण होऊन हा गुन्हा चालवीत नाहीत. ज्याची बदनामी झाली त्यानेच सामान्यतः दंडाधिकाऱ्यांपुढे फिर्याद करावी लागते, आणि तीही तीन वर्षांच्या मुदतीत. येथे बोलणे खरे होते एवढ्यावर आरोपी सुटत नाही; ते लोकहितासाठी बोलले गेले, हेही दाखवावे लागते.

दुसरा मार्ग दिवाणी दाव्याचा. तो टिळकांनी उतारवयात पत्करला. ‘टाइम्स’चे पत्रकार व्हॅलेंटाइन चिरोल यांनी १९१० साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात टिळकांचा संबंध राजकीय हत्यांशी जोडला होता. त्याविरुद्ध दावा चालविण्यासाठी टिळक १९१८ साली विलायतेस गेले. त्यांच्या बाजूने सर जॉन सायमन, तर चिरोल यांच्या बाजूने सर एडवर्ड कार्सन उभे राहिले. कार्सन यांनी टिळकांच्या साऱ्या आयुष्याचीच उलटतपासणी मांडली. १८९७ व १९०८ सालच्या शिक्षा ज्यूरीपुढे आल्या. फेब्रुवारी १९१९ मध्ये निकाल विरुद्ध गेला आणि खर्चाचा प्रचंड बोजा अंगावर पडला. तरीही देशबांधवांच्या मनातील त्यांचे स्थान तिळभरही ढळले नाही. जो दावा लावतो त्याच्याच लौकिकाची झडती होते, हा त्यातला धडा.

दिवाणी दाव्यात नुकसानभरपाई मागता येते, तसेच पुढील बदनामी थांबविण्यासाठी मनाई हुकूमही. मात्र मुदत अवघी एक वर्षाची; आणि मजकूर खरा ठरला तर तेच प्रतिवादीचे पूर्ण उत्तर असते. अपमानकारक मजकूर केवळ आपल्यालाच धाडला गेला असेल तर ती बदनामी होत नाही; तो तिसऱ्याच्या कानी वा डोळ्यांपुढे गेला पाहिजे. म्हणून मूळ कागद अथवा मोबाईलवरील संदेश पुसू नये. तारीख टिपावी, ऐकणाऱ्यांची नावे लिहून ठेवावी आणि विलंब न करता वकिलास भेटावे. वकिलाच्या नोटिशीनंतर लेखी माफी मिळाली, तर पुष्कळदा तेथेच प्रकरण मिटते.

सत्य ठाऊक असणे आणि ते सिद्ध करता येणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. १८८२ साली ही गोष्ट बोलणाऱ्याला भोवली, १९१९ साली दाद मागणाऱ्याला. खोट्या साक्षीविरुद्धची आठवी आज्ञा आपण बालपणापासून शिकतो. दुसऱ्याचे नाव घेतले असेल तर ते परत करण्याचे ऋणही त्या आज्ञेतच येते. ते ऋण चर्चच्या पायरीवर, ज्यांच्यापुढे बोललो त्यांच्याच समक्ष फेडले, तर न्यायालयाची पायरी चढण्याची वेळ क्वचितच येईल. आणि आलीच, तर हातातील कागद खरा आहे ना, हे आधी पाहावे.