दुसरा पुरवठादार

ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमचा पहिला वैयक्तिक संगणक बाजारात आला, तेव्हा त्यात इंटेलची ८०८८ ही चिप होती. पण आयबीएमची एक अट होती: एवढ्या महत्त्वाच्या भागासाठी एकाच पुरवठादारावर विसंबायचे नाही. आजचा धागा या अटीतून पेटलेल्या वैराविषयी.

इंटेल (१९६८) आणि एएमडी (१९६९) या दोन्ही कंपन्या फेअरचाइल्ड सेमीकंडक्टरमधून बाहेर पडलेल्या मंडळींनी काढलेल्या. भाऊबंदकीच म्हणा ना! इंटेलचे नॉइस आणि मूर हे संशोधक, तर एएमडीचे जेरी सँडर्स विक्रीत मुरलेले. आयबीएमच्या अटीपोटी इंटेलने १९८२ मध्ये एएमडीशी तंत्रज्ञान-विनिमयाचा दहा वर्षांचा करार केला. इंटेलची रचना एएमडीनेही बनवावी, हा त्याचा मथितार्थ.

१९८५ मध्ये वारे फिरले. जपानी कंपन्यांच्या स्वस्त मालापुढे इंटेलला मेमरी चिपांचा धंदा सोडावा लागला. हाती उरला तो प्रोसेसर. त्याच वर्षी ३८६ ही चिप आली आणि तिचा आराखडा एएमडीला द्यायचा नाही, असे इंटेलने ठरवले. पुढच्या वर्षी कॉम्पॅकने आयबीएमच्या आधी ३८६ चा संगणक काढला. अट घालणाऱ्याचाच दरारा ओसरला होता.

१९८७ मध्ये प्रकरण लवादाकडे गेले. निकालाची वाट पाहता पाहता एएमडीच्या अभियंत्यांनी इंटेलची चिप उलगडून अभ्यासली आणि मार्च १९९१ मध्ये आपली ३८६ बाजारात आणली. लवादाचा कौल एएमडीच्या बाजूने लागला आणि डिसेंबर १९९४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. माझ्या मते इंटेल खटला हरली, पण वेळ जिंकली; तोवर पेंटियम येऊन वर्ष उलटून गेले होते. (पेंटियमचे जनक म्हणून ओळखले जाणारे विनोद धाम यांचा जन्म पुण्याचा. नेक्सजेनमार्गे पुढे तेही एएमडीत आले.)

गुंतवणूकदारांसाठी हा इतिहास फसवा आहे. २००३ मध्ये एएमडीने ६४-बिट रचना आणली आणि पुढच्याच वर्षी खुद्द इंटेलला ती स्वीकारावी लागली. एवढी सरशी होऊनही २००८ मध्ये आणि पुन्हा २०१५ मध्ये एएमडीचा समभाग दोन डॉलरांखाली घसरला. उलट, बाजारावर वर्चस्व असलेल्या इंटेलचा समभाग ऑगस्ट २००० मध्ये ७५ डॉलरांच्या आसपास होता. पुढची वीस वर्षे तो तिथे परतला नाही. चिप कोणाची सरस, हे अचूक हेरणाऱ्यांचेही हात पोळले.

२००९ मध्ये एएमडीने आपले कारखाने वेगळे काढले आणि पुढे मुख्य प्रोसेसरचे उत्पादन तैवानच्या टीएसएमसीकडे सोपवले. फेब्रुवारी २०२२ मध्ये तिचे बाजारमूल्य इंटेलच्या वर गेले. २०२४ च्या इंटेलच्या लूनर लेक प्रोसेसरचा गाभाही त्याच टीएसएमसीने बनवला.