वसईची ख्रिस्तमंदिरे आणि सह्याद्रीतील घंटा

कर्जतहून पूर्वेकडे खांडस गावापर्यंत गेले, म्हणजे सह्याद्रीची भिंत समोर उभी राहते. तेथून गणेश घाटाने अगर शिडी घाटाने चढून यात्रेकरू भीमाशंकरास पोहोचतो. देवळासमोरील शनीच्या लहानशा मंदिरापाशी टांगलेली एक थोरली घंटा त्याच्या दृष्टीस पडते. वरच्या अंगास निमुळती, ओठाशी एकदम पसरलेली व कडेला जाड, अशी तिची घडण आहे. आपल्याकडील ओताऱ्यांच्या हातची घंटा अशी नसते. खालापुराजवळच्या महडास वरदविनायकाचे दर्शन घेऊन जो पुढे पालीस बल्लाळेश्वराकडे जातो, त्यालाही देवळात अशीच युरोपीय घडणीची घंटा आढळते. या घंटा वसईच्या स्वारीनंतर चिमाजी आप्पांनी देवास अर्पण केल्या, असे परंपरा सांगते. नाशिकच्या नारोशंकराच्या घंटेवर तर पोर्तुगीज अक्षरे व १७२१ हा सन कोरलेला स्पष्ट आहे, आणि वाईजवळ मेणवलीच्या घाटावरील घंटेवर बाळ येशूला कडेवर घेतलेली मरियमेची मूर्ती आहे.

घंटा येथे आल्या. परंतु ज्या मनोऱ्यांतून त्या वाजत, त्यांची हकीकत फारसे कोणी विचारीत नाही.

कर्जत-खालापूरच्या भूमीवर पोर्तुगिजांची सत्ता कधी स्थिरावली नाही. त्यांचे बळ समुद्रावर होते व वस्ती खाडीच्या तोंडाशी होती. गुजरातचा सुलतान बहादुरशहा याने इ. स. १५३४ च्या डिसेंबरात तह करून वसई व तिच्या भोवतीचा मुलूख त्यांना दिला. पुढे दोनशे वर्षे वसई हे ‘उत्तरेकडील प्रांता’चे मुख्य ठाणे राहिले. कोटाच्या आत वाडे, इस्पितळे, मठ व ख्रिस्तमंदिरे यांची दाटी झाली. फ्रान्सिस्कन, जेझुइट, डोमिनिकन व ऑगस्टीनियन या चारही पंथांच्या साधूंनी आपापली मंदिरे बांधली. त्यांच्यात धर्माची ओढ होती तशी चढाओढही होती, हे त्या इमारतींच्या दर्शनी भागांकडे पाहिले तरी समजते.

त्यांतले मुख्य मंदिर संत जोसेफाचे. पोर्तुगालचा राजा तिसरा जॉन याच्या आज्ञेने इ. स. १५४६ मध्ये त्याची स्थापना झाली, आणि इ. स. १६०१ मध्ये गोव्याचे आर्चबिशप आलेक्सो द मेनेझिस यांच्या कारकीर्दीत ते नव्याने बांधण्यात आले. तसा शिलालेख तेथे आहे. त्याचा उंच मनोरा खाडीतून येणाऱ्या गलबतांना दुरून दिसत असे. जेझुइटांच्या मंदिराचा आरंभ इ. स. १५४९ च्या सुमारास झाला. त्याच्या दर्शनी भिंतीतील दरवाजा, दोहो बाजूंचे पन्हळीदार स्तंभ व त्यांच्या माथ्यावरील पानांची नक्षी पाहिली, म्हणजे प्राचीन रोमची शिल्पपद्धती इटली व पोर्तुगालमार्गे कोकणच्या काळ्या दगडात कशी उतरली, याचा उलगडा होतो. नकाशा परदेशचा असला, तरी दगड व चुना याच भूमीचा होता. याच वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया इ. स. १५९७ मध्ये जपानात नागासाकी येथे धर्मासाठी क्रुसावर मरण पावले व इ. स. १८६२ मध्ये त्यांना संतपद मिळाले.

या मंदिरांची रचना समजण्यास अवघड नाही. एक लांबट दालन. त्यात उपासकांनी बसावयाचे. त्याच्या टोकाशी एक मोठी कमान. कमानीपलीकडे किंचित अरुंद असा गाभारा व तेथे मुख्य वेदी. आपल्या देवळात सभामंडप व गाभारा असतो तसेच म्हणा ना! फरक इतकाच की, आपल्याकडे उपासक एकेकटा गाभाऱ्याशी जातो, तर तेथे सर्व समुदायाने एकाच वेळी वेदीकडे पाहावयाचे व उपदेश ऐकावयाचा असतो. म्हणून दालन मोठे हवे, आणि मध्ये खांबांची आडकाठी नको. एवढ्या रुंदीवर दगडी घुमट चढविणे खर्चाचे व धोक्याचे. म्हणून गाभारा व बाजूच्या लहान वेद्या यांवर दगडी कमानींचे छत आणि मोठ्या दालनावर लाकडी तुळया व कौले, अशी वाटणी केली गेली. ही वाटणीच पुढे घातक ठरली. वस्ती उठल्यावर तुळया कुजल्या, कौले गेली आणि कोकणचा पाऊस भिंतींत शिरला. आज फ्रान्सिस्कनांच्या संत अँथनी मंदिरात मोठे दालन उघडे पडले आहे, पण बाजूची दगडी छते जागोजाग टिकून आहेत. खाली फरशीत सरदार व बायामाणसे यांच्या थडग्यांच्या कोरीव शिळा आहेत.

कोटाला वेढा घालून मराठ्यांनी सुरुंगांनी बुरूज फोडले, व १७३९ च्या मे महिन्यात वसई शरण आली. पोर्तुगिजांना सन्मानाने निघून जाण्याची मुभा मिळाली. पुढल्याच वर्षी चौल-रेवदंडाही मराठ्यांकडे आला. तेथे संत बार्बरा मंदिराचा मनोरा अद्याप उभा आहे. लोक त्याला सातखणी म्हणतात, जरी आज त्याचे सातही मजले राहिलेले नाहीत.

आता घंटांचा प्रश्न उरतो. त्यांना कोणी विजयचिन्हे म्हणतात, कोणी लूट म्हणतात. दोन्ही शब्द खोटे नाहीत. परंतु धातूचा विचार केला म्हणजे आणखी एक गोष्ट ध्यानात येते. घंटेचे कांसे म्हणजे तांबे व कथील यांचे मिश्रण, साधारण चार भाग तांबे व एक भाग कथील. तोफेसाठी कथील याच्या निम्मे पुरे. म्हणजे घंटा वितळवून तीत तांबे मिसळले की तोफ तयार! युरोपात युद्धकाळी हेच घडत आले. फ्रेंच राज्यक्रांतीत हजारो घंटा भट्टीत गेल्या, आणि विसाव्या शतकातील दोन्ही महायुद्धांत जर्मनीने त्या मनोऱ्यांवरून उतरवून नेल्या. तोफांची निकड मराठ्यांनाही काही थोडी नव्हती. तरी या घंटा तोफखान्यात न जाता देवळांत गेल्या, आणि म्हणूनच राहिल्या. शत्रूच्या देवाची म्हणून घंटेचा आवाज बाटला, असे त्या काळच्या धर्मनिष्ठ माणसांना वाटले नाही, ही गोष्टही नोंदविण्याजोगी आहे. वाजविण्याची रीत मात्र बदलली. ख्रिस्तमंदिरात ती उंच टांगून दोरीने झुलवीत व तिन्ही त्रिकाळ गावाला प्रार्थनेची वेळ सांगत. देवळात ती हाताशी आली व यात्रेकरू आपल्या येण्याची वर्दी देवाला देऊ लागला.

कर्जत तालुक्यात ख्रिस्तमंदिरे आली ती फार मागाहून व वेगळ्या वाटेने. इ. स. १८५० च्या मे महिन्यात ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट हे खालापुराकडील चौकहून माथेरानचा डोंगर चढले. पुढे तेथे हवा खाण्यास येणाऱ्या इंग्रजांसाठी संत पॉलचे मंदिर झाले, कॅथलिकांचेही झाले. ती लहान आहेत. वसईच्या भव्यतेची अपेक्षा तेथे कोणी करू नये.

वसईचा कोट आज केंद्र सरकारच्या पुरातत्त्व खात्याच्या रक्षणाखाली आहे. कोटातले मनोरे रिकामे असले, तरी भोवतालच्या गावांतील ख्रिस्ती समाज तेथून गेला नाही. त्यांच्या नांदत्या मंदिरांत प्रार्थना मराठीत चालते, आणि तिच्या आधी घंटा वाजते.