माणसं का लिहितात? ताराबाईंचं एकच पुस्तक

माणसाला लिहिल्यावाचून का राहवत नाही, असं कुणी विचारलं की हौस, नाव, पैसा अशी कारणं पुढे येतात. मला मात्र हटकून ताराबाई शिंदे आठवतात. यातलं एकही कारण त्यांना लागू पडत नाही.

ताराबाई बुलढाण्याच्या. वडील बापूजी हरि शिंदे सरकारी कचेरीत नोकरीला, सत्यशोधक विचारांचे. मुलीला त्यांनीच शिकवलं. १८८१ साली सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेवर स्वतःचं नवजात मूल मारल्याचा खटला चालला. आधी फाशी, मग अपिलात ती काळ्या पाण्यावर आली. वर्तमानपत्रांना विषयच मिळाला! 'पुणेवैभव'सारख्या पत्राने एका बाईच्या निमित्ताने सगळ्या बायकांच्या वर्तनावर तोंडसुख घेतलं. त्या मुलाला बापही असणार, ही गोष्ट मात्र कुणाच्या लेखणीला सुचली नाही.

इकडे बुलढाण्यात ताराबाईंनी कागद ओढला. विचार करा, विजयालक्ष्मीची आणि यांची ना ओळख, ना जात एक, ना भाषा एक. तरी राहवलं नाही. १८८२ साली पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात 'स्त्रीपुरुषतुलना' छापलं गेलं. प्रती पाचशे, किंमत नऊ आणे.

पुस्तक नीटस आहे का? नाही. निबंध म्हणून माझ्यापुढे तपासायला आलं असतं, तर मी समासात तांबड्या शाईने चार ठिकाणी 'विषयांतर' लिहिलं असतं! विधवेवरून सुरुवात होते ती देवादिकांपर्यंत जाते, तिथून पुरुषांच्या विलायती कपड्यांवर येते. भाषा घरातली, भांडणातली. पण मुद्दा पक्का आहे : जे दुर्गुण बायकांच्या माथी मारता ते पुरुषांत नाहीत काय? बायको गेली की दुसरी आणता, मग नवरा गेला तर बाईनेच का जन्म जाळावा?

अशीच एक मुलगी त्याआधी होऊन गेली होती. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतली मुक्ता. तिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदया'त आला. दोघींचं दुखणं मला एकच वाटतं. चर्चा आपली चाललेली असते, जो तो आपल्याबद्दल बोलतो, आणि आपल्याशी कुणीच बोलत नाही. वर्गातली एखादी अबोल मुलगी उत्तरपत्रिकेत अचानक चार पानं जास्त लिहायची, त्यामागे बहुधा हेच असायचं. असो.

जोतीरावांनी १८८५ साली 'सत्सार'मध्ये ताराबाईंची बाजू घेतली. पण त्यानंतर ताराबाईंचं दुसरं पुस्तक कुठे सापडत नाही. टीकेने खचल्या, की म्हणायचं ते म्हणून झालं होतं? मला दुसरं खरं वाटतं, पण पुरावा काही नाही.

मी मराठी घेऊन बी.ए. झाले १९७२ साली. अभ्यासाला ताराबाई नव्हत्या. असणार कशा? स. गं. मालशे यांनी पुस्तक पुन्हा उजेडात आणलं ते १९७५ साली, त्र्याण्णव वर्षांनी. आता ते सहज मिळतं. घरातल्या सुना-नातींनो, आणि जावईबापूंनो तुम्हीसुद्धा, जरूर वाचा. सुरुवातीला भाषा जड वाटेल, नेट धरा. दहा पानांनंतर बाई तुमचा हात सोडत नाहीत.