रणभूमीची किंमत

रणभूमी राखणे म्हणजे तेथे स्तंभ उभारणे, अशी समजूत आपल्याकडे रूढ आहे. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात, फ्रेडरिक्सबर्ग येथे, लोकांनी वर्गणी काढून चक्क एक शेत विकत घेतले. तो वृत्तान्त आपल्या वाचकांपुढे ठेवावासा वाटतो.

१३ डिसेंबर १८६२ रोजी यादवी युद्धातील एक भीषण लढाई तेथे झाली. तिचे नाव निघाले की दगडी भिंतीसमोर कापल्या गेलेल्या पलटणींचेच वर्णन होते. लढाईचा निकाल फिरला असता तो मात्र दक्षिणेकडील सपाट शेतात. जनरल मीडच्या सैन्याने तेथे जॅक्सनची फळी काही काळ फोडली होती. पुरेशी कुमक न आल्याने त्याला मागे हटावे लागले. त्या शेताला ‘स्लॉटर पेन’, म्हणजे कत्तलीचा कोंडवाडा, हे नाव पडले. आडोसा नसलेली ती मोकळी जमीन पाहिली की नावाचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. तेथे कारखाने उभे राहिले असते, तर तो कोणत्या शिलालेखातून कळला असता?

आणि ती वेळ आलीच होती. २००६ साली हे २०८ एकरांचे शेत विक्रीस निघाले. किंमत १ कोटी २० लाख डॉलर. रणभूमी-रक्षणाचे कार्य करणाऱ्या संस्थेने, जी आज ‘अमेरिकन बॅटलफील्ड ट्रस्ट’ या नावाने ओळखली जाते, कर्ज काढून व्यवहार केला आणि वर्षानुवर्षे देणगीदारांकडे हात पसरून हप्ते भरले. २०२२ मध्ये कर्ज फिटले. सरकारी अनुदानाचेही साहाय्य झाले. परंतु ते मिळवायचे तर तितकीच रक्कम अन्य मार्गाने उभी करावी लागते. लहान देणगीदारालाही त्यामुळे सांगता येते, की तुमच्या एका डॉलरचे दोन होतील. ही युक्ती आम्हांस फार मोलाची वाटते.

दुसरी गोष्ट यादीची. १९९३ साली तेथील शासकीय आयोगाने यादी युद्धाच्या ३८४ प्रमुख रणभूमींची केली, त्यांची सद्यःस्थिती व महत्त्व नोंदले. कोणत्या जमिनीसाठी पैसे मागावयाचे, हे त्यामुळे निश्चित झाले.

वर्गणी आपल्याला नवी नाही. १८९५ मध्ये लोकमान्यांनी रायगडावरील समाधीच्या जीर्णोद्धारासाठी निधीचे आवाहन केले. त्याच वर्षी गेटिसबर्गची रणभूमी राष्ट्रीय उद्यान झाली. आपला निधी वास्तूसाठी होता, जमिनीचा विचार मात्र मागे राहिला. ग्वाल्हेरकरांना २९ डिसेंबर १८४३ हा दिवस सांगावयास नको. महाराजपूर आणि पनिहार येथे शिंद्यांचे सैन्य इंग्रजांशी लढले. हस्तगत तोफांच्या धातूतून जेत्यांनी आपल्या शिपायांसाठी पदके घडविली. तोफा कोठे मांडल्या होत्या, फळी कोणत्या शिवारातून हटली, हे शेताच्या नावानिशी सांगणारी पत्रे, सनदा वा वंशावळी कोणाच्या दप्तरात असतील, तर त्या आधी बाहेर याव्यात. निधीचे आवाहन त्यानंतर करता येईल.