काय हवं ते सांगा, कसं ते आम्ही बघतो

२०१९च्या जानेवारीतली गोष्ट. नोकरीला लागून जेमतेम सहा महिने झाले होते. आमची छोटी कंपनी साखर कारखान्यांना सॉफ्टवेअर पुरवायची आणि मी एका कारखान्यावर मुक्कामाला होतो. गळीत हंगाम भरात होता. यार्डात रात्रभर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग आणि वजनकाट्यावर एकामागून एक पावत्या. १ ते १५ जानेवारी या पंधरवड्याचं ऊसबिल काढायचं होतं. सकाळी यादी बँकेत गेली नाही, तर शेतकऱ्यांचे पैसे लांबणार होते.

बिलाची क्वेरी मीच लिहिलेली होती. काम साधंच: पावत्यांचं टेबल, शेतकऱ्यांचं टेबल आणि कपातींचं टेबल जोडायचं, सोसायटीचं कर्ज नि खताची उधारी वजा करायची आणि यादी द्यायची. डिसेंबरच्या दोन्ही पंधरवड्यांना हे वीसेक सेकंदांत झालं होतं. त्या रात्री पन्नास मिनिटं झाली तरी क्वेरी संपेना. थांबवली, परत चालवली. तेच. तारखा सोडल्या तर क्वेरीत मी एक अक्षरही बदललेलं नव्हतं. मशीन तेच, टेबलं तीच. अकाउंट्समधले काका खुर्चीत बसून माझ्याकडे नुसते बघत होते.

तीच क्वेरी काल सेकंदांत आणि आज तासात का, याचं उत्तर त्या रात्री मला अर्धंच कळलं. उरलेलं अर्धं कळायला थेट १९७०पर्यंत मागं जावं लागलं.

त्याआधी डेटाबेस कसे होते, ते बघू. आपल्याकडे गावात पत्ता सांगतात तसे: वेशीतून आत या, मारुतीच्या देवळापासून डावीकडे वळा, पिंपळाच्या पुढचं तिसरं घर. १९६०च्या दशकात जनरल इलेक्ट्रिकमध्ये चार्ल्स बाखमन यांनी आयडीएस नावाची प्रणाली उभारली, तिच्यात एका नोंदीला पुढची नोंद साखळीसारखी जोडलेली असे. त्याच दशकात आयबीएमनं अपोलो यानाच्या असंख्य सुट्या भागांचा हिशेब ठेवायला जे सॉफ्टवेअर बांधायला घेतलं, त्यातून आयएमएस आलं. त्यात नोंदी वंशावळीसारख्या होत्या, वर मूळ आणि खाली फांद्या. माहिती हवी असेल, तर एका नोंदीवरून दुसऱ्या नोंदीवर जायचा रस्ता प्रोग्रामरनंच लिहायचा. बाखमन यांना १९७३ साली ट्युरिंग पुरस्कार मिळाला, तेव्हाच्या व्याख्यानात त्यांनी प्रोग्रामरला नावाड्याची उपमा दिली होती. माहितीच्या समुद्रातून वाट काढणारा तो.

अडचण एवढीच, की उद्या देऊळ हलवलं किंवा पिंपळ पडला, तर पत्ता चुकतो. डेटा साठवण्याची पद्धत जरा बदलली, की जुना रस्ता धरून लिहिलेले प्रोग्राम कोलमडायचे.

एडगर कॉड यांना हे पटत नव्हतं. कॉड मूळचे इंग्लंडचे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलात वैमानिक होते, ऑक्सफर्डला गणित शिकले होते आणि आता कॅलिफोर्नियात सॅन होजेच्या आयबीएम प्रयोगशाळेत काम करत होते. जून १९७०मध्ये त्यांचा एक निबंध छापून आला. मांडणी अशी: माहिती साध्या तक्त्यांत ठेवा. ती यंत्राच्या पोटात कशी रचली आहे हे वापरणाऱ्याला कळायची गरजच पडू नये. ‘रिलेशनल’मधलं रिलेशन म्हणजे दोन टेबलांमधलं नातं, असं बहुतेकांना वाटतं, मलाही कॉलेजात वाटायचं. कॉड यांचं रिलेशन गणितातलं आहे, म्हणजे ओळींचा संच. एक तक्ता हेच एक रिलेशन. तक्त्यांवर गणिती क्रिया केली, की उत्तर म्हणून पुन्हा तक्ताच मिळतो, त्यामुळे क्रियेवर क्रिया रचत जाता येतं.

ऐकायला छान होतं, पण मग रस्ता कोण शोधणार? हा प्रश्न आयबीएममध्येही होता. शिवाय कंपनीचं आयएमएस जोरात चालू असताना घरातूनच त्याला स्पर्धा कशाला, हाही विचार होताच.

मे १९७४मध्ये मिशिगनमधल्या अॅन आर्बर इथे कॉड आणि बाखमन समोरासमोर आले. बाखमन यांच्या बाजूचं म्हणणं: अनुभवी माणूस हातानं रस्ता आखतो, तो वेग यंत्राला कधी जमणार नाही. कॉड यांच्या बाजूचं म्हणणं: तुमची पद्धत इतकी गुंतागुंतीची आहे, की ती मूठभर लोकांपुरतीच राहील. त्याच परिषदेत आयबीएमच्या डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस या दोन तरुणांनी एका नव्या भाषेवरचा निबंध मांडला. भाषेचं नाव सीक्वेल. चेंबरलिन आधी बाखमन-पद्धतीचे जाणकार होते. त्या पद्धतीत पानंच्या पानं लागणारा प्रश्न कॉड एका ओळीत लिहितात, हे पाहून ते फिरले. उदाहरण असायचं, साहेबापेक्षा जास्त पगार असलेले कर्मचारी शोधा. पुढं एका विमान कंपनीचा ट्रेडमार्क आडवा आला म्हणून सीक्वेलचं एसक्यूएल झालं. बॉइस यांना यातलं काहीच बघता आलं नाही. परिषदेनंतर थोड्याच दिवसांत मेंदूतल्या रक्तस्रावानं ते गेले, तेव्हा त्यांनी तिशीही गाठली नव्हती. डेटाबेस शिकताना ‘बॉइस-कॉड नॉर्मल फॉर्म’ आपण घोकतो, त्यातले हे बॉइस.

भाषा झाली. रस्ता शोधायचं काम बाकी होतं. ते ज्या निबंधात सुटलं, तो १९७९चा. आयबीएमच्या ‘सिस्टिम आर’ प्रकल्पातल्या पॅट्रिशिया सेलिंजर आणि त्यांच्या चार सहकाऱ्यांचा.

काम किती अवघड होतं ते बघा. तुम्ही पाच टेबलं जोडायला सांगितलीत. कुठलं आधी, कुठलं नंतर? १२० क्रम होतात. दहा टेबलं असतील, तर ३६ लाख २८ हजार ८००. वर प्रत्येक टेबल वाचायच्या निरनिराळ्या पद्धती. एक म्हणजे पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत सगळं वाचून काढणं. दुसरी म्हणजे इंडेक्स वापरणं, पुस्तकाच्या शेवटी सूची असते तसा. हे सगळे रस्ते चालून बघायचे म्हटलं, तर रस्ता शोधण्यातच रात्र संपेल.

सेलिंजर यांच्या गटानं तीन गोष्टी केल्या. पहिली, प्रत्येक रस्त्याला किंमत लावली: डिस्कवरून किती पानं वाचावी लागतील आणि प्रोसेसरला किती काम पडेल. दुसरी, लहान जोडण्यांपासून सुरुवात केली. दोन टेबलांची स्वस्त जोडणी एकदा ठरली, की तिच्यावर तिसरं रचायचं, महाग पर्याय तिथंच टाकून द्यायचे. त्यातही एक शहाणपण ठेवलं. एखादा रस्ता थोडा महाग आहे, पण त्यातून ओळी आधीच क्रमानं लागून येत असतील, तर तो टाकायचा नाही, पुढं तो क्रम कामी येईल. तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. किती ओळी निघतील याचा अंदाज बांधायला डेटाबेसनं आपल्या टेबलांची थोडी आकडेवारी जवळ ठेवायची.

आणि आकडेवारी नसेल तर? तर ठोकताळा. रकाना अमुक किमतीइतका हवा अशी अट असेल आणि काहीच माहीत नसेल, तर दहातली एक ओळ जुळेल असं धरा. ‘पेक्षा जास्त’ असेल, तर तीनातली एक. ‘या दोहोंच्या मधलं’ असेल, तर चारातली एक. अनुभवी वाण्यानं गिऱ्हाइकाकडे बघून अंदाज करावा तसे हे आकडे थेट निबंधात आहेत. ते वाचून मी हसलो होतो. ज्या यंत्राला मी सर्वज्ञ समजत होतो, ते मुळात अंदाजपंचे चालतं.

हा ढाचा आज जवळपास प्रत्येक रिलेशनल डेटाबेसमध्ये कुठल्या ना कुठल्या रूपात आहे. तुमच्या खिशातल्या फोनमध्येसुद्धा. व्हॉट्सअॅपवर जुना मेसेज शोधता, तेव्हा एसक्यूलाइट नावाचा चिमुकला डेटाबेस असाच एक रस्ता ठरवत असतो.

आता परत त्या रात्रीकडे. क्वेरी कुठल्या रस्त्यानं चालली आहे हे डेटाबेसला विचारता येतं. त्याला प्लॅन म्हणतात. तोवर मी तो कधी उघडला नव्हता, क्वेरी चालते ना, मग झालं. उघडला. कपातींच्या टेबलात आधीच्या हंगामांसकट चार लाख ओळी होत्या. पावत्यांपुढं ऑप्टिमायझरनं अंदाज लिहिला होता: १ ओळ.

प्रत्यक्षात त्या पंधरवड्याच्या पावत्या अकरा हजारांच्या वर होत्या.

एकच पावती असेल, तर तिच्यासाठी कपातींच्या चार लाख ओळींवरून एकदा नजर फिरवणं सगळ्यात स्वस्त. ऑप्टिमायझरनं तेच निवडलं आणि त्याच्या माहितीनुसार ते बरोबरच होतं. पण पावत्या अकरा हजार निघाल्या आणि तीच फेरी अकरा हजार वेळा सुरू झाली. ४४० कोटी ओळींची तपासणी. तिथं इंडेक्स असता, तर निभावलं असतं. तोही मी केला नव्हता.

पण त्याला एक ओळ का वाटली? कारण आकडेवारी ३१ डिसेंबरची होती. ती आपोआप ताजी होत राहते, पण त्या कामानं काट्यावरची पावती छापायला उशीर होतो अशी तक्रार आली होती. मी ते कामच बंद करून टाकलं होतं. नंतर चालू करू म्हटलं आणि विसरलो. डेटाबेसच्या वहीत सगळ्यात अलीकडची पावती डिसेंबरची होती. मी जानेवारीच्या मागितल्या, तेव्हा त्यानं हिशेब केला, की अशा फारशा नसतीलच, धरा एक.

काकांना मी हे जमेल तसं समजावलं. ते म्हणाले, “म्हंजे तुझ्या कॉम्प्युटरचा अजून थर्टी फर्स्टच चाललाय की!”

आकडेवारी ताजी करायला दोन मिनिटं लागली. मग तीच क्वेरी वीस सेकंदांत संपली. यादी वेळेत गेली. मी चहा प्यायलो, पण झोप आली नाही. क्वेरी चुकली असती, तर इतकं लागलं नसतं.

पुढं मी हे सगळं रीतसर वाचायला घेतलं. पवईच्या आयआयटीतले एस. सुदर्शन ज्याचे सहलेखक आहेत, त्या जाडजूड पाठ्यपुस्तकातलं ऑप्टिमायझेशनचं प्रकरण कॉलेजात मी ऑप्शनला टाकलं होतं. ते आता नीट वाचलं. कळलं, की शिळी आकडेवारी हे एकच दुखणं नाही. ऑप्टिमायझर सहसा प्रत्येक अट स्वतंत्र धरतो. समजा टेबलातल्या दहा टक्के नोंदी सातारा जिल्ह्यातल्या आहेत आणि पाच टक्के कराड तालुक्यातल्या. ‘जिल्हा सातारा आणि तालुका कराड’ असं मागितलं, की तो दोन्हींचा गुणाकार करतो, अर्धा टक्का. कराड साताऱ्यातच आहे हे त्याला कोण सांगणार? खरं उत्तर पाच टक्के, म्हणजे अंदाजाच्या दहापट. टेबलं वाढतात तशी ही चूक गुणली जाते. २०१५ साली म्युनिक आणि अॅम्स्टरडॅमच्या संशोधकांनी सिनेमांच्या खऱ्या डेटावर ११३ क्वेऱ्या चालवून नामांकित डेटाबेस तपासले. किमतीच्या सूत्रांपेक्षा ओळींचे अंदाजच जास्त घात करतात, असं त्यांना दिसलं. बंगळुरूच्या आयआयएससीत जयंत हरित्सा यांच्या गटानं तर अटी किंचित बदलल्या की प्लॅन कसे बदलतात याचे रंगीत नकाशे काढले. ते चित्रकलेच्या प्रदर्शनात खपतील असे दिसतात म्हणून त्या साधनाचं नाव पिकासो.

थोडक्यात, १९७४चा वाद कॉड जिंकले. त्यांना १९८१ साली ट्युरिंग पुरस्कार मिळाला आणि आज जग एसक्यूएलमध्ये प्रश्न विचारतं. पण बाखमन यांचा नावाडी नाहीसा झाला नाही. तो डेटाबेसच्या आत जाऊन बसला, आणि आपण दिलेल्या नकाशावर चालतो. ‘काय हवं’ एवढंच सांगायची सोय आपल्याला मिळाली, नकाशा ताजा ठेवायचं काम मात्र आपल्याकडेच राहिलं. शिकताना मला वाटायचं, चांगली क्वेरी लिहिणं म्हणजे भाषेच्या युक्त्या पाठ असणं. आता क्वेरी रेंगाळली, की आधी प्लॅन उघडतो आणि दोनच आकडे बघतो: अंदाज किती आणि प्रत्यक्ष किती. जिथं त्यांच्यात अंतर पडतं, तिथून शोध सुरू.

नव्यानं आलेल्या मुलांना मी हेच दाखवतो. त्यातलं कुणी आकडेवारीचं काम बंद करायची परवानगी मागायला आलं, तर नाही म्हणत नाही. ते रात्री किती वाजता चालावं, हे त्याच्या शेजारी बसून ठरवतो. आणि त्याच रात्री ते खरंच चाललं का, हे बघायला स्वतः थांबतो.