मोसम कोण ठरवतो? पूर्व आफ्रिकेतल्या सफारीचा आणि किनाऱ्याचा इतिहास

‘सफारी’ हा शब्द स्वाहिली भाषेतून जगभर गेला. त्याचे मूळ मात्र अरबी आहे, आणि त्याच मुळातली ‘सफर’ मराठीत शतकानुशतके मुरलेली आहे. ‘मोसम’ची कथाही तशीच आहे. अरबीत ‘मौसिम’ म्हणजे ठरलेली वेळ. त्यातूनच आपला मोसम आला आणि युरोपीय भाषांमधला मान्सूनही. एकाच समुद्रावरच्या व्यापाराने हे दोन्ही शब्द किनाऱ्याकिनाऱ्याला पोचवले. आज केनिया-टांझानियाच्या सहलींच्या पत्रकांत ते पुन्हा एकत्र येतात: जून ते ऑक्टोबर सफारीचा मोसम, त्याला जोडून झांझिबार किंवा डियानीच्या किनाऱ्यावर चार दिवस, आणि एप्रिल-मे टाळा. हे वेळापत्रक जणू निसर्गानेच लिहून दिले आहे, अशा थाटात सांगितले जाते. इतिहास पाहिला तर तसे दिसत नाही. निसर्गाने या प्रदेशाला दोन वारे आणि दोन पावसाळे दिले. त्यांतले कोणते महिने ‘चांगले’, हे मात्र प्रत्येक काळातल्या माणसांनी आपापल्या गरजेप्रमाणे ठरवले. आजचे पत्रक हा त्या निवडींपैकी सगळ्यांत अलीकडचा निर्णय आहे, अखेरचा नव्हे.

आधी वारे पाहू. साधारण डिसेंबरपासून मार्चपर्यंत ईशान्येकडून वाहणारा तो ‘कस्काझी’, आणि एप्रिलनंतर दक्षिणेकडून जोर धरणारा तो ‘कुसी’. स्वाहिली लोकांनी दिशांची नावेही याच वाऱ्यांवरून घेतली आहेत: उत्तर म्हणजे ‘कस्काझिनी’, दक्षिण म्हणजे ‘कुसिनी’. हाच कुसी विषुववृत्त ओलांडून वळतो आणि मृगाच्या सुमारास नैऋत्य मोसमी वारा म्हणून कोकणावर येऊन आदळतो. अरबस्तान आणि हिंदुस्थानातली शिडाची गलबते कस्काझीवर आफ्रिकेला उतरत आणि कुसीच्या पाठबळावर परतत. या नियमाची किंमत वास्को द गामाच्या एकाच सफरीत मोजता येते. २४ एप्रिल १४९८ रोजी तो मालिंदीहून वाटाड्या घेऊन निघाला आणि २३-२४ दिवसांत मलबारच्या किनाऱ्याला लागला. परतताना त्याने वाऱ्याची वाट पाहिली नाही. ऑक्टोबरच्या आरंभी कारवारसमोरच्या अंजदीव बेटावरून तो निघाला, आणि मालिंदी गाठायला जानेवारी १४९९ उजाडला. तोच समुद्र ओलांडायला तीन महिने लागले, आणि त्यात तीसेक खलाशी हिरड्या सुजवणाऱ्या स्कर्व्हीने मेले. पर्यटक ज्याला टाळतो तो एप्रिल खलाशाच्या दृष्टीने घरी निघण्याचा महिना होता. ऋतू एकच, निवाडे मात्र दोन.

किनाऱ्यापासून आत जाणाऱ्यांचे गणित आणखी वेगळे होते. एकोणिसाव्या शतकात बागामोयोहून टबोरा आणि उजिजीकडे हस्तिदंताचे आणि गुलामांचे तांडे चालत. ‘सफारी’चा तेव्हाचा अर्थ हाच. ओझी न्याम्वेझी हमालांच्या खांद्यावर असत, त्यामुळे नद्यांची पात्रे कधी ओलांडता येतील आणि वाटेत पाणी कुठे मिळेल यावर निघण्याची वेळ ठरे. पत्रकार हेन्री स्टॅन्लीने संशोधक लिव्हिंग्स्टनच्या शोधासाठी १८७१च्या मार्चमध्ये बागामोयो सोडले, म्हणजे ‘मासिका’ नावाच्या मोठ्या पावसाच्या तोंडावर, आणि माकाटाच्या दलदलीत त्याचा तांडा बेजार झाला. त्यानंतर शिकारी आले. मोंबासाहून निघालेली रेल्वे १९०१मध्ये व्हिक्टोरिया सरोवराला भिडली. ती बांधण्यासाठी हिंदुस्थानातून सुमारे ३२ हजार मजूर नेले गेले आणि त्यांतले अडीच हजारांच्या आसपास तिथेच मेले. या रुळांवरून थिओडोर रूझवेल्ट १९०९च्या एप्रिलमध्ये शिकारीला गेले. पावसाळ्यात जाण्याचे कारण आभाळात शोधण्यात अर्थ नाही. अमेरिकेच्या अध्यक्षपदाची त्यांची मुदत मार्चमध्ये संपली होती. त्यांनी आणि मुलाने मिळून पाचशेहून अधिक प्राणी मारले. अर्नेस्ट हेमिंग्वे १९३३च्या डिसेंबरमध्ये उतरला, आणि त्या शिकारीवरचे त्याचे पुस्तक पाऊस येण्याआधी कुडू हरिण गाठण्याच्या धडपडीवरच उभे आहे. म्हणजे शिकाऱ्यांच्या काळातही जून ते ऑक्टोबर हे महिने अटळ नव्हते.

मग ते अटळ कसे झाले? याचे उत्तर कॅमेऱ्यात आणि सरहद्दीत आहे. आजच्या टांझानियातले सेरेंगेटी १९५१मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले. १९५९मध्ये त्याची फेरआखणी होऊन मसाई गुराख्यांना न्गोरोंगोरोकडे हलवण्यात आले, आणि त्याच वर्षी जर्मन प्राणिशास्त्रज्ञ बर्नहार्ड ग्रझिमेक आणि त्यांचा मुलगा मायकेल यांच्या चित्रपटाने तिथले कळप युरोपच्या घराघरांत पोचवले. मायकेल त्याच कामात विमान कोसळून मरण पावला. पुढे गुरांच्या बुळकांडीचा रोग आटोक्यात आल्यावर विल्डबीस्ट या हरिणकुळातल्या प्राण्याची संख्या झपाट्याने वाढली. १९६०च्या दशकाच्या आरंभी ती अडीच लाखांच्या घरात होती; सत्तरच्या दशकाच्या अखेरीस ती तेरा लाखांच्या आसपास गेली. पत्रकांवर छापले जाणारे ते अफाट स्थलांतर या आकड्यांत आपल्या डोळ्यांदेखत वाढलेले आहे. १९७७ हे वर्ष तर दुहेरी वळणाचे ठरले. केनियाने शिकारीवर बंदी घातली, आणि शेजारी देशांचा पूर्व आफ्रिकी समुदाय मोडल्यावर टांझानियाने केनियाची सरहद्द बंद केली. ती १९८३मध्ये उघडली. कळप ती ओलांडत राहिले, नैरोबीहून निघालेला पर्यटक अडला. केनियाच्या वाट्याला कळपांचे तेवढेच महिने उरले ज्यांत ते सेरेंगेटीला लागून असलेल्या मसाई मारात असतात: साधारण जुलै ते ऑक्टोबर. नदी ओलांडणाऱ्या कळपांचे दृश्य म्हणजेच सफारी, हे समीकरण या परिस्थितीत पक्के झाले. युरोपच्या शाळांची उन्हाळी सुट्टी नेमकी तेव्हाच असल्याने त्याला कोणी आव्हान दिले नाही.

यावर एक रास्त आक्षेप आहे. कोरड्या महिन्यांत गवत खुरटते, झाडांची पाने गळतात आणि प्राणी उरलेल्या पाण्यावर जमतात. ऐन मे महिन्यात ताडोबाच्या पाणवठ्यावर वाघ पाहणाऱ्या मराठी माणसाला हे वेगळे सांगायला नको. हा तर जीवशास्त्राचा नियम, त्यात इतिहास कुठे आला? नियम खरा आहे. टांझानियातल्या टरांगिरे उद्यानात तो अगदी चोख लागू पडतो: कोरड्या दिवसांत हत्तींचे कळप तिथल्या नदीकाठी एकवटतात. पण सेरेंगेटीच्या दक्षिणेला तोच नियम उलटा चालतो. तिथल्या ज्वालामुखीच्या राखेच्या मातीतले खुरटे गवत खनिजांनी समृद्ध असते. पाऊस पडला की कळप तिकडे उतरतात आणि फेब्रुवारीच्या सुमारास अवघ्या दोन-तीन आठवड्यांत बहुतेक पिल्ले जन्मतात. जूनमध्ये तेच मैदान ओसाड असते. पुन्हा, पिल्ले जन्मण्याचे हेच दिवस मसाई गुराख्याला त्या मैदानापासून दूर ठेवतात, कारण विल्डबीस्टच्या नवजात पिल्लांपासून गुरांना जीवघेणा ताप लागतो. पर्यटकाचा सुगीचा काळ तो गुराख्याचा धोक्याचा काळ. एका नियमातून इतकी वेगवेगळी उत्तरे निघत असतील, तर त्यांतले कोणते स्वीकारायचे हे पाहणाऱ्याच्या हेतूवरच ठरणार.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. मासिकाच्या पावसात काळ्या मातीत गाड्या रुततात, एप्रिल-मेमध्ये पर्यटकांचे कित्येक तळ बंद असतात, झांझिबारचे आभाळ दिवसचे दिवस भरलेले असते. हे मान्य केलेच पाहिजे. स्टॅन्लीची दैना हाच त्याचा पुरावा. पण त्यातून एवढेच कळते की कधी जाऊ नये. कधी जावे, याबद्दल निसर्ग तितका हट्टी नाही. किनाऱ्यापुरते पाहिले तरी कुसीच्या महिन्यांत हवा थंड आणि वारा जोरदार असतो, ते शिडांच्या खेळांना मानवते. कस्काझीच्या जानेवारी-फेब्रुवारीत उकाडा असतो, पण समुद्र निवळतो आणि पाण्याखालची प्रवाळे नीट दिसतात. हिवाळ्याला कंटाळलेल्या युरोपीयांनी मोंबासाच्या किनाऱ्याला दुसरा मोसम मिळवून दिला तो याच कस्काझीत. दोन्ही मोसम खरे आहेत. ज्याने त्याने आपल्या गरजेपुरता एक उचलला.

मराठी प्रवाशाला हा इतिहास विशेष उपयोगाचा आहे, कारण त्याचे सुट्टीचे दिवस युरोपच्या पंचांगाशी जुळत नाहीत. आपली मे महिन्याची सुट्टी मासिकाच्या पावसात सापडते, आणि दिवाळीची सुट्टी ‘वुली’ या लहान पावसाच्या उंबरठ्यावर येते. पैकी मे किनाऱ्यासाठी वाईटच. दिवाळीचे तसे नाही. वुलीच्या सरी बहुधा थोडा वेळ येऊन जातात, कळप उत्तरेकडून परत दक्षिणेकडे निघालेले असतात, आणि मारा नदीच्या काठी ऑगस्टमध्ये होणारी गाड्यांची दाटी ओसरलेली असते. ही दाटी हीच मला या साऱ्या प्रकरणातली खरी चिंतेची बाब वाटते. लाखो वर्षांचा प्रदेश आणि बारा महिन्यांचे जीवनचक्र आपण एका नदीवरच्या मोजक्या महिन्यांत कोंबले, आणि त्याला निसर्गाचा आदेश म्हणून मोकळे झालो. तेव्हा तिकीट काढण्याआधी ‘सर्वांत चांगला महिना कोणता’ हे विचारू नका. काय पाहायचे आहे ते आधी ठरवा, त्या महिन्यात वारा कुठून वाहतो ते पाहा, आणि मगच तारीख निवडा. ज्या खलाशांनी या समुद्राला मोसम हा शब्द दिला, तेही निघण्याआधी एवढेच पाहत असत.